कचेरीतला उपासक : सयाजी ऊ बा खिन



हिंगोली, वसमत, कळमनुरीकडच्या आपल्या घरांतून आज शिक्षक, कारकून, कंडक्टर निघाले आहेत. ध्यान हे भिक्खूंचे काम, नोकरदाराला एवढी सवड कुठली, असे त्यांतले पुष्कळजण म्हणतात. त्यांनी ब्रह्मदेशातील एका हिशेबनिसाचे चरित्र पाहावे.

ऊ बा खिन यांचा जन्म 6 मार्च 1899 रोजी रंगूनच्या कष्टकरी वस्तीत झाला. बुद्धी तल्लख, पण पैशाअभावी शिक्षण सुटले. काही दिवस वृत्तपत्रात काम करून ते महालेखापालांच्या कचेरीत कारकून झाले व 1926 साली खात्याची परीक्षा उत्तीर्ण झाले. 1937 च्या आरंभी आनापानाची गोडी लागली आणि ते नदीपलीकडे सयातैजी यांच्याकडे विपश्यना शिकण्यास गेले. हे गुरूही भिक्खू नव्हेत, शेती करणारे गृहस्थ होते. ही गोष्ट आपण विसरू नये.

4 जानेवारी 1948 रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी ऊ बा खिन त्या देशाचे पहिले महालेखापाल झाले. 1950 साली त्यांनी आपल्या कचेरीतल्या लोकांसाठी विपश्यना मंडळ काढले. 1952 साली रंगूनमध्ये ध्यानकेंद्र उभारले. तेथे दहा दिवस राहायचे, शील पाळायचे, प्रथम श्वासावर लक्ष ठेवायचे, मग अंगावर उठणाऱ्या व विरणाऱ्या संवेदना नुसत्या पाहायच्या. दहा दिवसांनंतर पुन्हा कचेरी. एकाच वेळी अनेक खात्यांचा भार वाहून ते शिकवीत राहिले. सरकारी नोकरीतून पूर्णपणे निवृत्त झाले ते 1967 साली.

ध्यानाला बसलो म्हणून जातीविरुद्धचा लढा संपला, असे कोणी समजू नये. ऊ बा खिन यांनीही डोळे मिटून लाचखोरी चालू दिली नाही. सरकारी कारभारातील गैरव्यवहार खणून काढण्याचे काम त्यांनी कठोरपणे केले. 1954 च्या डिसेंबरात परमपूज्य बाबासाहेब बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, तेव्हा त्याच शहरात हे केंद्र चालू होते.

भारतात येण्याची त्यांची फार इच्छा होती, ती पुरी झाली नाही. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका यांनी जुलै 1969 मध्ये मुंबईत पहिले शिबिर घेतले. 19 जानेवारी 1971 रोजी ऊ बा खिन गेले. पुढे 1976 साली इगतपुरीला धम्मगिरी सुरू झाली. तेथील दहा दिवसांच्या शिबिराला फी नाही. रजेचा अर्ज मात्र वेळेवर द्यावा लागतो.