व्हॅन गॉगची मुळाक्षरे

आमचे वडील बडोद्याच्या दरबारात गवई. घरात सुराखेरीज दुसरा विषय नसे. तरीही चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग याचे चरित्र मी शिष्यांना आवर्जून सांगतो.

हा डच गृहस्थ १८५३ साली जन्मला. चित्रांच्या पेढीवर नोकरी, शिक्षकी, खाणकामगारांत धर्मोपदेश, सारे करून झाल्यावर १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, त्याने चित्रकलेचा श्रीगणेशा केला. बार्गचे कित्ते तो गिरवू लागला. १८८१ च्या अखेरीस हेग येथे नात्यातल्या अँटन मॉव्ह या चित्रकाराने त्याला कोबी, लाकडी जोडे अशा घरगुती वस्तूंवर बसवले. जोड्याच्या पोटातला काळोख, काठावरचा उजेड आणि त्यांमधल्या छटा जुळल्या, तरच वस्तूला गोलाई येते. दोन सुरांमधल्या श्रुतींचेही असेच आहे.

पुढे मॉव्हने प्लास्टरचे नमुने काढायला सांगताच त्याने ते रागाने फोडले. गुरुशिष्यांचे बिनसले, मेहनत मात्र सुटली नाही. १८९० साली, मृत्यूला दोनतीन महिनेच उरले असताना, या सिद्धहस्त चित्रकाराने भावाकडे बार्गचे कोळशाचे कित्ते पुन्हा मागितले.

पलट्यांना कंटाळून चिजेची घाई करणाऱ्यांनी, आणि त्यांच्या पालकांनीही, एवढे ध्यानात ठेवावे.