गणिताचा प्राध्यापक आणि लोकसंख्येचा हिशेब

र. धों. कर्वे हे नाव ऐकलंय? ‘ध्यासपर्व’ सिनेमा पाहिला असेल तर ओळख असेलच. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म १८८२. मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणित शिकवायचे.

आधी गणित समजून घ्या. कोणत्याही सजीवाची संख्या सुरुवातीला भराभर वाढते. मग अन्न, पाणी, जागा कमी पडते, आजार पसरतात आणि वाढ मंदावते. माल्थसने १७९८ मध्ये माणसांबद्दल हीच भीती मांडली होती. थोडक्यात, निसर्ग लगाम घालतोच, पण उपासमारीने आणि साथींनी. मुंबईने तर १८९६ चा प्लेग आणि १९१८ चा इन्फ्लुएंझा पाहिला होता.

दुसरा मार्ग म्हणजे जन्म किती, हे माणसानेच ठरवायचं. कर्व्यांनी तो धरला. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं. त्यांच्यासाठी हा नुसता आकड्यांचा खेळ नव्हता. सततच्या बाळंतपणांनी बाईचं शरीर झिजतं, म्हणून मूल हवं की नको हे तिला ठरवता यावं, हा त्यांचा आग्रह. गांधीजींना संयम हाच मार्ग मान्य होता, कर्व्यांना तो पटला नाही.

किंमत मोजावी लागलीच. १९२५ मध्ये नोकरी सुटली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, त्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. खटला हरला, दंड झाला, पण मासिक थांबलं नाही. १९५२ मध्ये सरकारने कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला, पुढच्याच वर्षी कर्वे गेले.

आता आपल्या पट्ट्याकडे बघा. लष्कराच्या रिकाम्या छावणीत सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या उल्हासनगरात २०११ च्या जनगणनेत जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये ५ लाखांवर माणसं होती. बदलापूर तर दहा वर्षांत ९८ हजारांवरून १ लाख ७४ हजारांवर गेलं. अंबरनाथचंही तेच, फक्त वेग बराच कमी. ही वाढ पाळण्यांपेक्षा परवडणाऱ्या घरांच्या शोधात आलेल्यांची जास्त. त्यामुळे इथे संततिनियमन पुरणार नाही. इथला लगाम आहे बारवी धरणाचं आणि उल्हास नदीचं पाणी आणि लोकलचे डबे.

पण कर्व्यांचा धडा लागू पडतोच. मर्यादा अंगावर येईपर्यंत थांबायचं नाही, हिशेब आधी मांडायचा. पुढचा टॉवर उभा राहताना त्याला पाणी कुठून येणार, हे विचारायला गणिताची डिग्री लागत नाही. तुम्हीच विचारा.