जादूगार दादासाहेब

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या गावांवरून जाणारा लोहमार्ग पुढे घाट चढतो आणि लोणावळ्यास पोहोचतो. त्या लोणावळ्यात १९०८ साली एका गृहस्थांनी छापखाना काढला होता. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. लोक त्यांना दादासाहेब म्हणत.

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईस व बडोद्यास ते चित्रकला शिकले. पुढे त्यांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले, छायाचित्रे काढली, एका जर्मन जादूगाराकडून जादूचे खेळही शिकले. एक धंदा धरून बसणे त्यांना जमले नाही. पण या साऱ्या कला त्यांना पुढे उपयोगी पडल्या.

छापखान्यात भागीदारांशी पटेना, म्हणून ते बाहेर पडले. त्याच सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला. असा चित्रपट आपल्या देशात का होऊ नये, या विचाराने त्यांची झोप उडाली. तासन् तास चित्रपट पाहून त्यांच्या डोळ्यांना काही काळ दिसेनासे झाले. तरी त्यांनी आपल्या विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या आणि १९१२ साली लंडन गाठले. तेथे काम शिकून व कॅमेरा विकत घेऊन ते परतले.

पैसा कोण देणार? दादासाहेबांनी कुंडीत वाटाणे पेरले. रोपाची थोडी थोडी छायाचित्रे ते रोज घेत. पडद्यावर ते रोप बघता बघता वाढू लागले! ते पाहून सावकार कर्ज द्यायला तयार झाला.

‘राजा हरिश्चंद्र’चे काम दादरला सुरू झाले. स्त्रियांची कामे करायला एकही स्त्री मिळेना. शेवटी एका उपाहारगृहातील साळुंके नावाच्या तरुणाला राणी तारामती केले. राण्या आणि दासी झालेले पुरुष मिशा काढायला तयार नव्हते, कारण वडील वारल्यावरच मिशी काढायची रीत होती! दादासाहेबांनी त्यांची समजूत घातली. नटांची रंगभूषाही ते स्वतःच करीत.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे कष्ट तर विसरून चालणार नाहीत. त्या काळी कोऱ्या फितीला कडेने भोके नसत. रात्री अंधाऱ्या खोलीत बसून त्या भोके पाडीत, फीत धूत आणि दिवसा सर्व मंडळींचा स्वयंपाक करीत. दागिनेही त्यांनी देऊन टाकले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात चित्रपट लोकांसमोर आला. लोकांनी गर्दी केली.

१९१४ साली दादासाहेबांनी आपले चित्रपट लंडनमध्ये दाखविले. तेथील निर्मात्यांनी त्यांना तिकडेच राहून चित्रपट काढण्यास सुचविले. पगारही चांगला होता. पण त्यांना मायदेशातच हा धंदा उभा करायचा होता. ते परत आले. तोच महायुद्ध सुरू झाले आणि सावकारांनी हात आखडता घेतला. दादासाहेब पुन्हा कर्जात बुडाले. १९१७ च्या ‘लंकादहन’ने मात्र त्यांना सावरले. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. हनुमान आकाशातून उडताना पाहून लोक थक्क होत. लहानपणीच्या आवडीचे आणि जादूचे हे फळ होते.

पुढे बोलपट आले आणि त्यांचे काम मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. त्यांच्या बहुतेक चित्रपटांच्या फिती आज नाहीत. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’ची मात्र बरीच फीत शिल्लक आहे. तिच्यात त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण होऊन आपल्याकडे पाहते.