क्लेसी कमिन्स

क्लेसी लाइल कमिन्स (२७ डिसेंबर, १८८८ - १७ ऑगस्ट, १९६८) हे अमेरिकन यंत्रज्ञ, संशोधक व उद्योजक होते. कमिन्स इंजिन कंपनीचे ते संस्थापक होत. संथ गतीने चालणारे, अवजड आणि एका जागी बसवलेले डिझेल इंजिन मालमोटारीत आणण्याचे श्रेय अमेरिकेत प्रामुख्याने त्यांना दिले जाते. उतारावर मालमोटारीचा वेग आवरणाऱ्या इंजिन ब्रेकचे जनक म्हणूनही ते ओळखले जातात.

पूर्वायुष्य

कमिन्स यांचा जन्म अमेरिकेच्या इंडियाना राज्यातील हनी क्रीक येथे एका शेतकरी कुटुंबात झाला. त्यांचे शालेय शिक्षण आठवीपर्यंतच झाले; पुढील सर्व ज्ञान त्यांनी कार्यशाळेत मिळवले. अकराव्या वर्षी त्यांनी स्वतः लाकडी साचे कोरून एक लहानसे वाफेचे इंजिन तयार केले होते. १९११ साली झालेली पहिली इंडियानापोलिस ५०० ही शर्यत रे हॅरून यांनी जिंकली; त्यांच्या मोटारीची देखभाल करणाऱ्या पथकात कमिन्स होते.

कोलंबस या गावातील पतपेढीदार विल्यम ग्लँटन आयर्विन यांच्याकडे ते मोटारचालक म्हणून नोकरीस होते. आयर्विन यांनी त्यांची कल्पकता ओळखून त्यांना दुरुस्तीचे दुकान काढून दिले. हा आश्रय पुढे कित्येक वर्षे कमिन्स यांना तारून नेणारा ठरला.

कंपनीची स्थापना

फेब्रुवारी १९१९ मध्ये आयर्विन यांच्या भांडवलावर कमिन्स इंजिन कंपनी स्थापन झाली. प्रारंभी ह्विड पद्धतीच्या परवान्यावर शेतीसाठी लहान इंजिने बनवली जात. सिअर्स, रोबक या टपालाने विक्री करणाऱ्या पेढीशी करार झाला. परंतु माल परत करण्याच्या सवलतीचा ग्राहकांनी सढळ हाताने फायदा घेतल्याने इंजिने परत येऊ लागली व कंपनीला मोठा तोटा झाला. कंपनीला पहिला नफा मिळण्यास १९३७ साल उजाडावे लागले. मधली अठरा वर्षे आयर्विन कुटुंबाने हा उद्योग जगवला.

१९२९ च्या नाताळात कमिन्स यांनी एका जुन्या पॅकार्ड मोटारीत आपले डिझेल इंजिन बसवले आणि आयर्विन यांना तीतून फेरफटका मारवला. या फेरीने आयर्विन यांचा डळमळता विश्वास सावरला व त्यांनी आणखी पैसा घातला.

विक्रमी प्रवास

कोरड्या तांत्रिक तक्त्यांपेक्षा प्रत्यक्ष प्रवास लोकांना पटतो, हे कमिन्स यांनी ओळखले होते. जानेवारी १९३० मध्ये त्यांनी तीच पॅकार्ड इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. सुमारे ८०० मैलांच्या या प्रवासात इंधनाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट एवढाच आला. १९३१ च्या इंडियानापोलिस ५०० शर्यतीत डेव्ह इव्हान्स यांनी चालवलेल्या कमिन्स डिझेल मोटारीने एकदाही न थांबता संपूर्ण अंतर कापले. या शर्यतीत असे प्रथमच घडले. मोटारीचा क्रमांक तेरावा आला, पण चर्चा तिचीच झाली. त्याच वर्षी न्यूयॉर्क ते लॉस एंजेलस हा प्रवास मालमोटारीने ११ डॉलर २२ सेंटच्या इंधनात पार पडला. त्यानंतर इंडियानापोलिसच्या धावपट्टीवर एक मालमोटार तेरा हजारांहून अधिक मैल अखंड चालवण्यात आली.

रात्रभर चालू इंजिन आणि झीज

अशा अखंड धावांमुळे डिझेल इंजिनाच्या टिकाऊपणाची ख्याती झाली. डिझेल इंजिन बंद करण्यापेक्षा चालू ठेवलेलेच बरे, ही समजूत मालमोटारचालकांत दीर्घकाळ रूढ होती. तिला सबळ कारणही होते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेटते. कडाक्याच्या थंडीत इंजिनाचे धातू ही उष्णता शोषून घेतात, वंगण घट्ट होते आणि डिझेलमधील मेण साकळते. सकाळी इंजिन सुरू होईल याची खात्री नसल्याने चालक ते रात्रभर चालू ठेवत. चालकाच्या कक्षाला ऊब मिळणे हाही हेतू असे.

तथापि, ओझे घेऊन धावणारे इंजिन आणि जागच्या जागी मंद गतीने चालणारे इंजिन यांच्या स्थितीत मूलभूत फरक आहे. धावत्या इंजिनात ज्वलनकक्ष तापलेला असतो व इंधन जवळजवळ पूर्ण जळते. बिनओझ्याच्या मंद गतीत तो थंडावतो. अर्धवट जळलेल्या इंधनाची काजळी अंतःक्षेपकाच्या छिद्रांत, पिस्टनच्या कड्यांत आणि झडपांच्या दांड्यांवर साचते. न जळलेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा पापुद्रा धुऊन काढते व खाली उतरून वंगण पातळ करते. मंद गतीमुळे तेलाचा दाबही कमी असतो. कमिन्स कंपनीच्या माहितीपुस्तिकांतही दहा मिनिटांहून अधिक काळ इंजिन असे चालू ठेवू नये आणि शीतक द्रवाचे तापमान ६० अंश सेल्सिअसखाली जाऊ देऊ नये, अशी सूचना आढळते.

ही झीज सहज लक्षात येत नाही, कारण गाडी उभी असताना अंतरमापक पुढे सरकत नाही. केवळ मैल मोजून तेल बदलणाऱ्यास इंजिनाचे खरे वय कळत नाही. त्यासाठी चालू तास मोजावे लागतात. मोठ्या मालमोटारीचे इंजिन उभ्याउभ्या तासाला सुमारे ३ लिटर डिझेल पिते. म्हणजे दहा तासांच्या रात्रीत ३० लिटर. याउलट, चढ चढून आल्यावर टर्बोचार्जर निवण्यासाठी इंजिन तीन ते पाच मिनिटे मंद चालवणे हितकारकच असते. रात्रीच्या मुक्कामासाठी विजेवर चालणारा इंजिनतापक किंवा लहान साहाय्यक इंजिन हे पर्याय आज वापरले जातात.

इंजिन ब्रेक

१९३१ च्या प्रवासात कॅलिफोर्नियातील कॅहोन घाट उतरताना ब्रेक तापून निकामी झाले. पुढे रेल्वे फाटकातून मालगाडी जात होती व कमिन्स यांची मालमोटार थोडक्यात बचावली. ही आठवण त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मनात जपली. उतारवयात, कॅलिफोर्नियात राहत असताना, त्यांनी त्यावर उपाय शोधला. संपीडनाच्या अखेरीस बहिर्गम झडप उघडली, की दाबलेली हवा निसटते व पिस्टनला परत ढकलू शकत नाही. इंजिनच ब्रेकचे काम करते. त्यांनी स्वतः स्थापन केलेल्या कंपनीसह इतर इंजिन उत्पादकांनी ही कल्पना नाकारली. अखेर जेकब्ज कंपनीने ती स्वीकारली आणि १९६१ मध्ये हा ब्रेक बाजारात आला. आजही तो 'जेक ब्रेक' या नावाने परिचित आहे.

मृत्यू आणि वारसा

'माय डेज विथ द डिझेल' हे त्यांचे आत्मकथन १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र लाइल कमिन्स यांनी डिझेल इंजिनाच्या इतिहासावर ग्रंथलेखन केले.

महाराष्ट्रात कमिन्स हे नाव पुण्यामुळे परिचित आहे. १९६२ मध्ये तेथे किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी सुरू झाली. तीच पुढे कमिन्स इंडिया झाली. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेच्या पुण्यातील महिला अभियांत्रिकी महाविद्यालयालाही कमिन्स हे नाव आहे. आठवीनंतर शाळा सोडलेल्या यंत्रज्ञाचे आडनाव अशा रीतीने मुलींच्या तांत्रिक उच्च शिक्षणाशी जोडले गेले आहे.