कर्व्यांची सून

आळंदीत राहणाऱ्या माणसाला लग्नांचं अप्रूप उरत नाही. गल्लोगल्ली मंगल कार्यालयं, आणि मुहूर्ताच्या दिवसांत एका वरातीच्या बँडमध्ये दुसरीचा बँड मिसळलेला. पण इथे आणखी एका तऱ्हेची लग्नं लागतात. चाकणच्या कारखान्यातला एखादा मुलगा, त्याच्याच शिफ्टमधली मुलगी, दोन-तीन मित्र, घाईने घेतलेले दोन हार. मुलीमागे मामा नसतो, अंतरपाट मित्रच धरतात. कोणाची जात आडवी आली, कोणाची भाषा, आणि ही मंडळी घरातून निघून थेट माउलींच्या गावी आलेली असतात.

असं लग्न दिसलं की मला इरावती कर्वे आठवतात. माणसं कोणाशी सोयरीक करतात, कोणाशी करत नाहीत, आणि या सगळ्या व्यवहारात मुलीचं काय होतं, हे त्यांनी जन्मभर शोधलं. स्त्री-अभ्यास हा शब्द आपल्या विद्यापीठांत रुळण्याच्या कितीतरी आधी.

त्यांचं मोठं पुस्तक माझ्या हाती आलं ते बँकेत नोकरीला असताना. त्या काळी खातं उघडण्याच्या फॉर्मवर पित्याचं अथवा पतीचं नाव लिहायला एक रकाना असे. एका दुपारी गावातली एक म्हातारी खातं उघडायला आली. मी नाव विचारलं, तर तिने सासऱ्याचं नाव सांगून मी त्यांची सून, असं उत्तर दिलं. पुन्हा विचारलं, तर मुलाचं नाव सांगून मी त्याची आई. तिचं स्वतःचं नाव काढून घ्यायला मला चांगली पाच मिनिटं लागली. घरी येऊन ही गंमत सांगितली, तेव्हा बायकोने न हसता ‘परिपूर्ती’ हातात ठेवलं.

त्या संग्रहातला त्याच नावाचा लेख पुष्कळांनी वाचला असेल. एका सभेत इरावतीबाईंची ओळख करून देताना वक्त्याने त्यांना महर्षी कर्व्यांची सून म्हटलं, प्राचार्य कर्व्यांची पत्नी म्हटलं. बाईंना वाटत राहिलं, की यात काहीतरी राहिलं. मग एके दिवशी रस्त्याने जाताना शाळकरी पोरं आपसांत बोलताना त्यांच्या कानी पडली. आपल्या वर्गातल्या कर्व्याची ही आई, असं एकाने दुसऱ्याला दाखवलं, आणि बाईंना ओळख पुरी झाल्यासारखं वाटलं. लेख हसत हसत लिहिलेला आहे. पण बर्लिनची डॉक्टरेट मिळवलेली, देशातली पहिली स्त्री-मानववंशशास्त्रज्ञ म्हणून ओळखली जाणारी बाई स्वतःची ओळख नात्यांच्या रकान्यांतून सांगते, तेव्हा ती कोणाला हसते आहे, हे मला आजही नक्की ठरवता येत नाही.

त्यांचा जन्म १५ डिसेंबर १९०५चा, ब्रह्मदेशात मिंजान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत इंजिनिअर होते. इरावती हे नाव तिथल्या नदीचं. सातव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवलेली ही मुलगी पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी त्यांच्या शकुंतलेच्या बरोबरीने वाढली. पुस्तकांनी भरलेलं आणि देवाधर्माचं फारसं बंधन नसलेलं ते घर. म्हणजे मुलीला माहेरं दोन मिळाली, आणि दुसरं फर्गसनच्या प्राचार्यांचं. फर्गसनमधून १९२६ साली तत्त्वज्ञान घेऊन बी.ए., मुंबईला डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली १९२८ साली एम.ए. दरम्यान लग्न झालं, ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकरराव यांच्याशी.

खरी कहाणी इथून सुरू होते. महर्षींनी १८९३ साली विधवेशी पुनर्विवाह केला, विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं. स्त्रीने शिकावं म्हणून समाजाचा बहिष्कार सोसलेला हा माणूस. पण सून जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करते म्हणाली, तेव्हा त्यांचा विरोध झाला. हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला होता. आता बसत नाही. जगाच्या मुलींसाठी एक माप आणि घरच्या सुनेसाठी दुसरं, हे थोरामोठ्यांच्या घरीही होतं, आणि महर्षींचं मोठेपण त्याने पुसलं जात नाही. पण ही गोष्ट लपवूही नये. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले होते. ते बायकोच्या बाजूने उभे राहिले. डॉ. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज मिळालं आणि १९२८ साली इरावतीबाई बोटीत बसल्या.

बर्लिनमध्ये त्या ज्या संस्थेत दाखल झाल्या, तिचा प्रमुख होता ऑयगेन फिशर. वंशावरून माणसाची प्रत ठरवणारं शास्त्र तिथे शिकवलं जाई. पुढे नाझींनी ते उचलून धरलं आणि १९३३ साली हिटलर आल्यावर फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. माणसाची कवटी डावी-उजवीकडे तंतोतंत सारखी नसते. ही विषमता गोऱ्या युरोपीय कवट्यांत इतरांपेक्षा निराळी आणि त्यांच्या बुद्धीशी निगडित असावी, असा फिशरचा होरा होता. तो सिद्ध करण्याजोगा प्रबंध त्याने या सावळ्या विद्यार्थिनीला दिला. बाईंनी कवट्या मोजल्या. युरोपातल्या मोजल्या, वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकेतल्याही मोजल्या. आकडे काही गुरूच्या बाजूने बोलेनात. कवटीतल्या विषमतेचा वंशाशी संबंध नाही, असं त्यांनी प्रबंधात लिहिलं. परदेश, उसने पैसे, पदवी गुरूच्या हातात, आणि वय पंचविशीच्या आतबाहेर. मी आयुष्यभर आकड्यांत काम केलं. वरिष्ठाला हवा तो ताळेबंद मांडून द्यायचा मोह काय असतो, हे मला ठाऊक आहे. बाईंनी तो मांडला नाही, आणि पदवीही मिळवली.

परत आल्यावर १९३१ ते १९३६ त्या सासऱ्यांनीच स्थापलेल्या महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. त्या काळात स्त्रीने विद्यापीठाचा कारभार पाहणं ही साधी बाब नव्हती, पण कागद सरकवण्यात त्यांचा जीव रमला असेल असं वाटत नाही. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा त्या तिथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या आणि उमेदीची सगळी वर्षं येरवड्याच्या त्या आवारात काढली. हसमुख सांकलियांसारखे पुरातत्त्वज्ञ शेजारी. गुजरातेत लांघणजला सांकलियांच्या उत्खननात अश्मयुगीन माणसांचे सांगाडे सापडले, त्या कामात बाई होत्या. दऱ्याखोऱ्यांतून हिंडून माणसांची मापं घ्यायची आणि घरी आल्यावर तीन मुलांच्या संसारात शिरायचं, असा क्रम. त्या संसारातून जाई निंबकर आणि गौरी देशपांडे या दोन लेखिका निघाल्या, आनंद कर्वे वनस्पतिशास्त्रात गेले. बाई कुंकू लावत नसत, मंगळसूत्र घालत नसत, आणि पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतात. पुणेकरांनी वळून वळून पाहिलं असणारच.

त्यांचं मोठं पुस्तक भारतातल्या नातेसंबंधांवरचं, १९५३ सालचं, इंग्रजीतलं. विषय कोरडा वाटतो, पण आपल्या आया-बहिणींचं सगळं सुखदुःख त्यात आहे. उत्तरेत मुलगी दूरच्या अनोळखी गावी देतात, नात्यात देत नाहीत. म्हणून तिथली सून घुंगटात, परक्या माणसांत, आणि गावची लेक व गावची सून यांच्या वागण्यात जमीन-अस्मानाचं अंतर. दक्षिणेत मुलगी मामाला किंवा आतेभावाला दिली जाते. सासरचं घर तिने लहानपणापासून पाहिलेलं असतं, सासू ही कधी आत्या असते, कधी आजीच. महाराष्ट्र मध्ये. आपल्याकडे अनेक जातींत मुलाला मामाची मुलगी चालते, आत्याची चालत नाही. म्हणजे मुलगी आत्याच्या घरी सून म्हणून जाऊ शकते, उलटा प्रवास नाही. जात्यावर बसून माहेर-सासर करणाऱ्या बायकांना हे सगळं ठाऊक होतंच. बाईंनी देशभरची नाती, नात्यांचे शब्द, ग्रंथ आणि चालीरीती एकत्र मांडल्या आणि दाखवलं, की बाईचं सुख तिच्या नशिबापेक्षा सोयरिकीच्या नियमांवर फार अवलंबून असतं.

जातीबद्दलही त्या गुरूशी सहमत नव्हत्या. एक जात फुटून पोटजाती झाल्या, असं घुर्ये मानत. बाईंचं म्हणणं उलट. महाराष्ट्रातले कुंभार मोजले, तर एका कुंभारगटाचं दुसऱ्याशी रक्ताचं साम्य दिसेना. निरनिराळे सोयरगट एकाच धंद्यामुळे एका नावाखाली आले, म्हणून जात म्हणजे मुळात सोयऱ्यांचा विस्तारलेला गोतावळा. मात्र इथे मला एक गोष्ट खटकते. ज्या मोजपट्टीने बर्लिनमध्ये गुरूचा दावा खोटा पाडला, ती मोजपट्टी बाईंनी शेवटपर्यंत खाली ठेवली नाही. जातवार डोकी, नाकं, उंच्या मोजत राहिल्या. मापांतून माणूस कळेल ही त्या पिढीची श्रद्धा होती, आणि आज ती टिकत नाही.

‘युगान्त’बद्दल काय सांगावं! १९६७ साली पुस्तक आलं, १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, इंग्रजी रूपही बाईंनीच केलं. गांधारी, कुंती, द्रौपदी यांना त्यांनी देव्हाऱ्यातून काढून पाटावर बसवलं. द्यूतसभेत द्रौपदीने कायद्याचा प्रश्न विचारला ही तिची चूक झाली, असं त्या लिहितात, आणि स्त्रीमुक्तीवाल्या माझ्या भाचीशी माझं यावरून दरवेळी भांडण होतं. भाची म्हणते, विदुषीनेच विदुषीला गप्प केलं. मला वाटतं, पंडितांच्या सभेत पांडित्य काढून न्याय मिळत नाही, हे बाई अनुभवाने लिहीत होत्या.

अखेरच्या वर्षांत कोयना धरणाने उठवलेल्या गावांची पाहणी त्यांनी जाई निंबकरांबरोबर केली, ती १९६९ साली छापून आली. ११ ऑगस्ट १९७० रोजी झोपेतच त्या गेल्या, चौसष्टाव्या वर्षी. चार वर्षांनी, १९७४ साली, त्यांनी ज्याचा कारभार पाहिला त्याच महिला विद्यापीठात नीरा देसाईंच्या पुढाकाराने स्त्रीविषयक संशोधनाचं केंद्र सुरू झालं.

पण आळंदीकर म्हणून मला त्यांचा सगळ्यांत जवळचा वाटतो तो लेख ‘वाटचाल’. इथून निघणाऱ्या ज्ञानोबांच्या पालखीबरोबर त्या पंढरपूरच्या वाटेने चालल्या, त्याचा हा वृत्तान्त. पुढे १९६२ साली तो इंग्रजीत एका अमेरिकन संशोधनपत्रिकेत आला, भाषांतरात दिनकररावांचाही हात होता. महाराष्ट्र म्हणजे पंढरीची वारी करणाऱ्यांचा देश, ही त्यांची व्याख्या त्यातलीच. आपण ती भाषणांतून वापरतो आणि बाकीचा लेख विसरतो.

बाकीचा लेख जेवणाबद्दल आहे. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते, मराठे होते. दिवसभर एकच अभंग, एकच टाळ, एकच धूळ. मुक्कामावर मात्र चुली वेगळ्या, पंगती वेगळ्या. बाईंना ते रोज सलत होतं. मग त्या मराठा बायकांबरोबर जेवायला बसल्या. माणसं मोजायला आयुष्यभर हिंडलेल्या बाईने इथे काहीही मोजलं नाही, नुसती भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवसापासून त्या बायका त्यांचा हात धरून शेजारी चालू लागल्या, घरचं, शेताचं, सुनांचं सांगू लागल्या. वाट सरता सरता त्यांना ताई म्हणू लागल्या. ना महर्षींची सून, ना प्राचार्यांची पत्नी.

पुण्याला आलो की ताईंकडे येऊ, असं त्या बायका म्हणाल्या. तेव्हा त्यांच्यातली एक तरुण पोर मध्येच बोलली. आत्ता वाटेवर आमच्याशी जशा वागताय, तशाच तिथे तुमच्या घरी वागाल का, एवढंच तिने विचारलं. बाईंनी लिहून ठेवलंय, की तो साधा प्रश्न त्यांच्या फार जिव्हारी लागला.