साप चावल्यावर दोरी का आवळायची नाही? उत्तर विल्यम हार्वेच्या गोष्टीत आहे

सुरगाणा तालुक्यात पाऊस लागला की भाताची आणि नागलीची आवणी सुरू होते. बांधावरच्या गवतात, लाकडाच्या ढिगात, दगडाच्या फटीत हात घालावाच लागतो आणि साप नेमके तिथंच असतात. कुणाला चावलाच, तर पहिल्यांदा काय होतं? कुणीतरी दोरी नाहीतर रुमाल आणतं आणि दंशाच्या वरच्या बाजूला करकचून आवळतं. विष वर चढू नये, एवढाच विचार. हेतू चांगला असतो, पण याच दोरीपायी हात किंवा पाय गमवायची वेळ येऊ शकते.

असं का होतं, हे समजून घ्यायचं तर ४०० वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज डॉक्टरकडे जावं लागतं. त्यानंही माणसाच्या दंडाला पट्टी आवळून पाहिली होती. एवढंच काय, जिवंत सापावरही प्रयोग केला होता. त्याचं नाव विल्यम हार्वे.

हार्वेचा जन्म १ एप्रिल १५७८ चा, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फोकस्टन गावातला. बाप व्यापारी, भाऊही पुढे व्यापारातच गेले. विल्यम मात्र केंब्रिजला शिकला आणि तिथून इटलीतल्या पादुआला गेला. वैद्यक शिकायला तेव्हा युरोपात त्याहून मोठं नाव नव्हतं. गॅलिलिओ त्याच काळात तिथं शिकवत होता. हार्वेचे गुरू होते फॅब्रिशियस. शिरांच्या आत छोट्या झडपा असतात, हे या फॅब्रिशियसनं बारकाईनं दाखवलं होतं. पण त्या कशासाठी असतात, हे काही त्याला नीट उमगलं नाही. रक्त खाली साचू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करत असतील, असं त्याला वाटायचं.

तेव्हाचं सगळं वैद्यक गेलन या ग्रीक वैद्याच्या शब्दावर चालायचं, आणि गेलन होऊन १४०० वर्षं झाली होती. त्याच्या मते रक्त यकृतात अन्नापासून तयार होतं, शिरांतून अंगभर पसरतं आणि तिथंच जिरतं. म्हणजे शेताला पाटाचं पाणी द्यावं तसं. पाणी जमिनीत मुरलं, विषय संपला, परत कशाला येतंय?

१६०२ मध्ये पदवी घेऊन हार्वे लंडनला परतला. राजघराण्याच्या वैद्याची मुलगी एलिझाबेथ ब्राऊन हिच्याशी त्याचं लग्न झालं. (तिचा एक लाडका पोपट होता. तो मेल्यावर हार्वेनं त्याचीही चिरफाड केली, तेव्हा कळलं की तो पोपट नसून मादी होती. या माणसाच्या हातून काही सुटत नसे.) १६०९ मध्ये तो सेंट बार्थोलोम्यू या लंडनच्या जुन्या रुग्णालयात डॉक्टर झाला. पुढे राजा पहिला जेम्स आणि मग पहिला चार्ल्स यांचा वैद्य झाला.

पण त्याचं डोकं गुंतलं होतं हृदयात. त्यानं एक साधा हिशोब मांडला. प्रत्येक ठोक्याला हृदय समजा फक्त अर्धा औंस रक्त बाहेर टाकतं. अर्ध्या तासात ठोके धरले १०००, म्हणजे मुद्दामच कमी. तरीही ५०० औंस झाले, आपल्या मापात १४ किलोच्या वर! अख्ख्या माणसाच्या अंगात एवढं रक्त नसतं. मग अन्नापासून दर अर्ध्या तासाला इतकं नवं रक्त कसं तयार होणार? एकच मार्ग उरत होता. तेच रक्त फिरून परत येत असलं पाहिजे. आज आपल्याला माहीत आहे की मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं आणि निवांत बसलेलं असताना हृदय तेवढं रक्त जवळपास मिनिटाभरात फिरवतं.

नुसत्या हिशोबावर कोण विश्वास ठेवणार? म्हणून सापाचा प्रयोग. हृदयाकडे येणारी शीर चिमटीत धरली, तर सापाचं हृदय रिकामं पडून फिकट होत गेलं. हृदयातून निघणारी धमनी दाबली, तर ते फुगून जांभळं झालं. चिमटी सोडली की पूर्ववत. रक्त कुठून येतं आणि कुठं जातं, ते समोर दिसत होतं.

आणि मग दंडाची पट्टी. खूप घट्ट आवळली की मनगटातली नाडी लागेनाशी होते आणि हात थंड पडत जातो, कारण खोलवरच्या धमन्यांतून येणारं रक्तच थांबतं. तीच पट्टी थोडी सैल केली की हात लाल होतो, सुजतो, शिरा टरारून वर येतात. धमन्यांतून रक्त आत येतंय, पण वरवरच्या शिरा अजून दाबलेल्या असल्यानं त्याला बाहेर जायची वाट नाही. फुगलेल्या शिरेवर जागोजागी गाठी दिसतात, त्या फॅब्रिशियसच्या झडपा. त्यांचं खरं काम हार्वेला कळलं. त्या रक्ताला फक्त हृदयाकडे जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत.

आता सुरगाण्याची दोरी पुन्हा आठवा. ती फार घट्ट असेल तर रक्त मिळत नाही आणि खालचा भाग मरू लागतो. अर्धवट घट्ट असेल तर रक्त आत साचतं आणि घोणस, फुरसं यांच्या विषानं आधीच येणारी सूज आणखी वाढते. म्हणून दोरी बांधायचीच नाही. अंगठी, बांगडी, पैंजण काढायचं, हात-पाय फळीच्या आधारानं हलणार नाही असा ठेवायचा, चिरायचं नाही, चोखायचं नाही, भगताकडे वेळ घालवायचा नाही आणि सापाच्या विषावरची लस मिळेल अशा दवाखान्यात थेट निघायचं. कुणी आधीच आवळून बांधलं असेल तर ते घाईनं सोडू नये. डॉक्टरांसमोरच सोडावं, कारण अडलेलं विष एकदम अंगात पसरू शकतं.

रक्त पोचतंय की नाही, हे साप नसतानाही बघता येतं. नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख साधारण दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवं. एकच पाय थंड आणि फिका पडणं, चाललं की पोटरीत गोळा येऊन थांबलं की कमी होणं, पायाची जखम महिनोन्महिने न भरणं, ही लक्षणं दिसली तर डॉक्टर गाठावा. मधुमेह असणाऱ्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांनी तर नक्कीच. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुण पुरुषांत बर्गर नावाचा आजार होतो, त्यात बोटांच्या रक्तवाहिन्या बंद होत जातात. तंबाखू पूर्ण सोडल्याशिवाय तो थांबत नाही. आणि चालण्याचा फायदा का होतो? पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि झडपा ते रक्त खाली परतू देत नाहीत.

हार्वेनं हे सगळं १६२८ मध्ये लॅटिनमधून छापलं, तेही जर्मनीतल्या फ्रँकफर्टला. पुस्तक जेमतेम ७२ पानांचं आणि छपाईच्या चुकांनी भरलेलं. बक्षीस काय मिळालं? लोक त्याला चक्रम समजू लागले आणि त्याचे पेशंट घटले, असं त्याला ओळखणाऱ्या जॉन ऑब्रेनं लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे हार्वे स्वतः मात्र जुन्या पद्धतीनं रोग्याचं रक्त काढतच राहिला. आपल्याच शोधाचा अर्थ त्याच्या औषधोपचारात पोचला नव्हता.

१६४२ मध्ये राजा आणि संसदेत युद्ध पेटलं. एजहिलच्या लढाईत दोन राजपुत्रांना सांभाळायचं काम हार्वेकडे होतं. तो त्यांना घेऊन कुंपणाच्या आडोशाला पुस्तक वाचत बसला, मग जवळच तोफगोळा पडल्यावर जागा बदलली, अशी हकिगत ऑब्रे सांगतो. याच धामधुमीत त्याचं लंडनचं घर लुटलं गेलं. वर्षानुवर्षांची टिपणं गेली, कीटकांवरचं संशोधनही त्यातच गेलं. त्याचं दुःख त्याला शेवटपर्यंत राहिलं.

म्हातारपणी संधिवातानं पाय ठणकायचे. तेव्हा तो कडाक्याच्या थंडीत गच्चीवर उघडे पाय गार पाण्याच्या बादलीत बुडवून बसायचा, बधिर झाले की शेकोटीपाशी यायचा. रक्ताभिसरण शोधणाऱ्यानं केलं म्हणून कुणी करायला जाऊ नये, मधुमेह असेल तर मुळीच नाही. ३ जून १६५७ रोजी पक्षाघातानं तो गेला.

त्याच्या सिद्धांतात एक दुवा राहिला होता. धमनीतलं रक्त शिरेत जातं कुठून, ते त्याला कधीच दिसलं नाही. तो गेल्यानंतर चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्चेल्लो माल्पिगीनं सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाचं फुप्फुस ठेवलं आणि केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं त्याला दिसलं.