ताटातली मिरची

कापून ठेवलेले सफरचंद थोड्याच वेळात काळपट पडते. लिंबाचे तसे होत नाही. असे का, या साध्या प्रश्नाने हंगेरीच्या डॉ. अल्बर्ट सेंट-जॉर्जी यांना पछाडले होते.

त्यांचा जन्म १८९३चा, बुडापेस्टचा. पहिल्या महायुद्धात ते आघाडीवर वैद्यकीय कामावर होते. रक्तपाताला इतके विटले, की स्वतःच्या दंडावर गोळी झाडून घेऊन माघारी आले आणि १९१७ मध्ये डॉक्टर झाले.

पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी संत्री, कोबी आणि जनावरांच्या अधिवृक्क ग्रंथी यांतून एक स्फटिकरूप पदार्थ वेगळा केला. तो ऑक्सिजनशी स्वतः झुंजून इतर घटकांना वाचवी. आजच्या भाषेत अँटिऑक्सिडंट. पण संत्र्याच्या रसातल्या साखरेतून तो सुटा करणे जिकिरीचे होते. अमेरिकेतील कत्तलखान्यांतून ग्रंथी मिळवून त्यांनी सुमारे २५ ग्रॅम साठा जमवला. रेणूची रचना उलगडायला तोही अपुरा पडला.

मायदेशी परतल्यावर सेगेड येथे गिनिपिगवर प्रयोग झाले. हिरड्यांतून रक्त येणे, जखमा न भरणे आणि अखेर मृत्यू, असा स्कर्व्ही हा रोग याच पदार्थाने टळतो, म्हणजे हेच ‘क’ जीवनसत्त्व, हे १९३२ मध्ये स्पष्ट झाले. तोवर साठा मात्र संपत आला होता.

सेगेड हा पापरिका मिरचीचा मुलूख. एका रात्री पत्नीने ताटात ताजी मिरची वाढली. ती खाण्याची इच्छा नव्हती, म्हणून ते ती घेऊन प्रयोगशाळेत गेले. मध्यरात्रीपर्यंत खजिना सापडला होता! मिरचीत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर आणि अडथळा आणणारी साखर कमी. काही आठवड्यांतच ते किलोच्या मापाने निघू लागले. सेंट-जॉर्जींनी ते इतर शास्त्रज्ञांनाही मोकळ्या हाताने वाटले. त्यातूनच इंग्लंडच्या हॉवर्थ यांनी रेणूची रचना उलगडली. १९३७ मध्ये दोघांनाही नोबेल मिळाले, सेंट-जॉर्जींना वैद्यकशास्त्राचे आणि हॉवर्थना रसायनशास्त्राचे. १९८६ मध्ये सेंट-जॉर्जी अमेरिकेत निवर्तले.

आपली ढोबळी मिरची पापरिकाच्याच जातीची. मात्र जो पदार्थ ऑक्सिजनशी इतक्या चटकन संयोग पावतो, तो आपल्या हातूनही तितक्याच चटकन निसटतो. भाजी आधीच चिरून ठेवली, खूप शिजवली किंवा उकळलेले पाणी ओतून दिले, की ‘क’ जीवनसत्त्व घटते. म्हणून कोशिंबीर आयत्या वेळी चिरावी आणि लिंबू ताटातच पिळावे.